उजळायच्या राहिलेल्या पाटल्या

जयश्रीच्या दागिन्यांचे फोटो काढण्याआधी मी ते उजळून आणले. चूक ती झाली. पुढचं सगळं त्यामुळे झालं, म्हणून आधी तीच सांगतो.

मी विट्यात राहतो. आमच्याकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या. कोणी मदुराईत, कोणी कोलकात्यात. मी त्यातला नाही. मी वजनकाटे दुरुस्त करायचो. सराफांचे, दूधसंस्थांचे, किराणावाल्यांचे. पण अशा गावात जन्म काढल्यावर मळकं सोनं चारचौघांत काढायचं नाही हे अंगात भिनतं. घरात लग्न निघालं की दागिने आधी उजाळ्याला जातात, मग बाकीची तयारी.

लग्न मैथिलीचं होतं. मैथिली आमची एकुलती मुलगी, एकतीस वर्षांची, रॉटरडॅमला बंदरात नोकरी करते. जयश्री, माझी बायको, मैथिलीच्या लग्नाच्या सात महिने आधी गेली. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि पाण्याच्या टाकीजवळ पडली. मी खाली होतो. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. बासष्ट वर्षांची होती.

मैथिलीचा फोन दुपारी आला.

"पप्पा, एक पेटी पाठवतेय. आईचे दागिने एकेक करून त्यात ठेवायचे. फोटो ती पेटीच काढते. पंधरा दिवसांत परत द्यायचीय."

"फोटो कशाला? खरेच घेऊन जा की."

"इथं आणून ठेवू कुठं? माझ्या कपाटात राहतील. लग्नात घालीन."

हे कपाट म्हणजे लाकडाचं नव्हे. मैथिलीचं कपाट तिच्या फोनमध्ये आहे. तिकडे सगळेच तो पातळ चष्मा लावून फिरतात. आता आपल्याकडेही सांगली-कोल्हापुरात दिसतो. अंगात साधा पांढरा झगा असला तरी समोरच्याला चष्म्यातून भरजरी शालू दिसतो. गळ्यात ठुशी दिसते. मान हलवली की तीही हलते. खरा शालू आणि खरी ठुशी हजारो मैलांवर घडी घालून ठेवलेली असते.

मी दागिने काढले. मंगळसूत्र, ठुशी, मोहनमाळ, तोडे, चार बांगड्या, कुड्या, एक अंगठी. अंगठी लग्नातली. मैथिली झाली तेव्हा जयश्रीची बोटं सुजली होती, तेव्हा जी काढली ती परत घातलीच नाही. पाटल्या त्यात नव्हत्या. मी शोधल्याही नाहीत.

सगळं महामुनींकडे घेऊन गेलो. महामुनी पंधरा वर्षं मदुराईला गलाई करून परत आलेले. आता बाजारात त्यांचं उजाळ्याचं छोटं दुकान आहे. त्यांच्या दुकानातला काटा मीच बघायचो.

"आरशासारखं करा," मी म्हणालो. "फोटो जवळून निघणार आहेत."

"विलासराव, एक ओरखडा दिसला तर पैसे देऊ नका."

त्यांनी माझ्यासमोर सगळं फिरत्या चाकावर धरलं, आम्लात बुडवलं, धुतलं आणि गुलाबी कागदात गुंडाळून दिलं. नेण्याआधी मी प्रत्येक नगाचं वजन केलं होतं, आणल्यावर परत केलं. सवयच ती. तोडे तीनशे दहा मिलिग्रॅमनी कमी भरले, अंगठी चाळीसनी. उजाळ्यात तेवढं जातंच. मी आकडे लिहिले आणि वही ठेवून दिली.

पेटी मंगळवारी आली. भाताच्या कुकरएवढी, आतून काळी. आत एकशेवीस बारीक दिवे आणि वर कॅमेरा. सोबत मराठीत माहिती होती ती मी वाचून काढली. मला समजली तशी सांगतो.

एका वेळी एकच दिवा लागतो आणि एक फोटो निघतो. मग पुढचा दिवा, पुढचा फोटो. दागिन्यावर केसाहून बारीक ओरखडा असला तरी त्याची सावली प्रत्येक दिव्याला वेगळी पडते. त्या एकशेवीस सावल्यांवरून ओरखडा किती खोल आहे आणि कुठून कुठे गेलाय हे पेटी काढते. एका ओरखड्यावरून दुसरा गेला असेल तर आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला तेही तिला कळतं. ओरखड्यात काही अडकलं असेल, धागा, रंग, पावडर, तर त्याचीही ती नोंद करते.

एवढं कशासाठी, तर हलण्यासाठी. नुसता फोटो अंगावर बसवला तर दागिना चिकटवल्यासारखा दिसतो. बांगडी मनगटावर कशी घरंगळते, कुठे आपटते, हे त्या बांगडीवरच लिहिलेलं असतं. सोनं मऊ. वापरणाऱ्या बाईच्या सवयी त्यावर उमटतात. कंपनी त्या वाचते आणि दागिन्याला चाल देते. ह्याला ते वापराचा माग म्हणतात.

मला हे नवं वाटलं नाही. किराणा दुकानातलं किलोचं वजन दोन वर्षांत हलकं होतं, म्हणून तर त्याची फेरतपासणी करून शिक्का मारावा लागतो. वजन बघून मी सांगायचो की हा दुकानदार डावखुरा आहे, किंवा हा वजन उचलत नाही, घासत ओढतो. वापरलेली वस्तू जशी वापरली तशी झिजते. हे मला चाळीस वर्षं माहीत होतं, तरी ते मला महामुनींच्या दुकानात आठवलं नाही.

ठुशी ठेवली. पाच मिनिटांनी पडद्यावर आलं: आकार पूर्ण. वापराचा माग: आढळला नाही. कारखान्यातली ठरावीक चाल देत आहोत.

तोडे ठेवले. माग आढळला नाही. बांगड्या, कुड्या, मोहनमाळ. आढळला नाही. अंगठी. आढळला नाही.

मंगळसूत्राला पेटी म्हणाली, उजव्या बाजूला एक सोन्याचा मणी कमी आहे, भरून काढू का? तो मणी आम्ही जयश्रीच्या तोंडात ठेवला होता. आमच्यात जाणाऱ्याच्या तोंडात सोनं ठेवतात. मी 'नको' दाबलं.

मैथिलीला सगळं पोचलं. "काय चकाचक केलंय पप्पा, दुकानातून आणल्यासारखं," ती म्हणाली. "पाटल्या कुठायत पण? आईच्या हातात रोज असायच्या त्या? मला मुख्य त्याच पाहिजेत."

जयश्री पडली तेव्हा पाटल्या तिच्या हातात होत्या. दवाखान्यानं काढून पाकिटात घालून दिल्या होत्या. ते पाकीट मी सुट्या भागांच्या खणात टाकलं होतं आणि वर कुलूप लावलं होतं. ते उघडलं. महामुनी त्या आठवड्यात सोयरिकीला गेले होते. पेटी न्यायला माणूस दोन दिवसांत येणार होता. म्हणून पाटल्या तशाच ठेवल्या. रिठ्याच्या पाण्यातूनही काढल्या नाहीत.

पेटीनं पाच मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं घेतली. मग पडद्यावर हे आलं:

उजव्या हाताची पाटली: घरकामाचा वापर. पीठ, साबण, भांड्यांचे ओरखडे. चाल तयार.

डाव्या हाताची पाटली: कठड्याचे ओरखडे. रंगाचे कण, हिरवा, त्यावर निळा. कठड्यावरून हात सरकल्याच्या खुणा कमी. कठडा धरून, अंगाचा भार टाकून थांबल्याच्या खुणा जास्त. एका चढणीत सरासरी चार थांबे. सुरुवातीला एक होता, पुढे वाढत गेला. वाचता येणारा काळ सुमारे चार वर्षं. रोजच्या वापरातला दागिना असल्यानं त्याआधीच्या खुणा झिजून गेल्या आहेत. चालीत हे थांबे ठेवायचे की काढायचे?

मी दोनदा वाचलं. मग उठून बाहेर गेलो.

आमच्या गच्चीचा जिना घराबाहेरून आहे. बावीस पायऱ्या. चढताना डाव्या हाताला लोखंडी कठडा. तो मीच रंगवला. आधी हिरवा होता, तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत निळा केला. पाटलीवर निळ्याच्या खाली हिरवा होता. म्हणजे मी ब्रश घेऊन कठडा रंगवत होतो त्याच्या आधीपासून ती थांबत होती. ती दिवसातून दोनदा तरी वर जायची. जिन्याखालीच माझी काम करायची खोली. दार उघडं असायचं.

मी आत आलो आणि चहा केला. प्यालो नाही.

शैलाला बोलावलं. शैला जयश्रीची धाकटी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. मी तिला पडदा दाखवला. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं आणि चष्मा परत वर केला.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"मला का सांगितलं नाही?"

"अक्कानं शपथ घातली होती. मैथिलीचं लग्न झालं की दाखवते म्हणायची." ती खुर्चीत बसली. "आणि दाजी, तुम्हाला सांगून काय होणार होतं? मागं तिची साखर थोडी वाढली तर तुम्ही वर्षभर तिचा भात काट्यावर घालून दिला. एक फोड बटाट्याची जास्त झाली तर काढून घेत होता. ती मला म्हणायची, ह्यांना कळलं तर जिन्यावर खडूनं रेघा मारतील."

"मारल्या असत्या."

"तेच तर."

मी पाटल्या पेटीतून बाहेर काढल्या.

"आता पेटी बोलायला लागली तेव्हा कळलं होय तुम्हाला?" शैला म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझी अक्का जिन्यात धापा टाकायची तेव्हा तुम्ही खाली बसून कुठल्यातरी सराफाचा काटा लावत होता. केसाचं वजन कळतं म्हणे ह्यांच्या काट्याला."

ते खरं होतं. माझ्या काट्यांना केसाचं वजन कळायचं.

ती थोड्या वेळानं उठली, तो गार झालेला चहा गरम करून मला दिला आणि म्हणाली, "मैथिलीला सांगा. लपवाछपवीचा मक्ता आता आपण नको घ्यायला."

सांगितलं. मैथिलीनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःची तपासणी करून घेतली. तिकडचे डॉक्टर म्हणाले, आईला हृदयाचा एक आजार असावा, तो आईकडून मुलीकडे येऊ शकतो. हृदयाचा स्नायू हळूहळू जाड होत जातो. मैथिलीच्या रक्तात तो दोष निघाला. पण तो दोष असलेल्या कित्येकांना जन्मभर काही होत नाही आणि काहींना ऐन तिशीत चक्कर येऊन पडायला होतं. तिचा स्नायू आत्ता काठावर होता. काठावर म्हणजे धोका आहे असंही म्हणता येईना, नाही असंही म्हणता येईना.

"पप्पा, ते छातीत एक यंत्र बसवतात," मैथिली म्हणाली. "हृदय थांबलं तर ते झटका देऊन सुरू करतं. पण एकदा बसवलं की जन्माचं. मूल होऊ द्यायचं म्हटलं तरी शंभर प्रश्न. नाही बसवलं आणि आईसारखं झालं तर... डॉक्टरांना एकच गोष्ट पाहिजे. आईला कुठल्या वयात सुरू झालं? तिशीच्या आसपास झालं असेल तर बसवायचं. साठीनंतर झालं असेल तर थांबायचं. तुमची पेटी सांगू शकते ना?"

मी फोन हातात धरून उभा होतो. टेबलावर गुलाबी कागदाच्या सात पुड्या होत्या.

पाटल्या रोजच्या, त्यामुळे त्यांच्यावर शेवटची चार वर्षंच उरली होती. पण अंगठी जयश्रीनं एकतिसाव्या वर्षी काढून ठेवली होती. तोपर्यंत ती रोज डाव्या हाताच्या बोटात होती आणि ती बोटं ह्याच कठड्यावर होती. काढल्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. जयश्रीच्या सत्ताविसाव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंतचं सगळं अंगठीवर जसंच्या तसं होतं. चार बांगड्या तिनं मैथिली प्राथमिक शाळेत असेपर्यंत घातल्या आणि नंतर ठेवल्या, त्यांच्यावर त्या वापरातली शेवटची चार वर्षं होती. मैथिलीला हवं होतं ते सगळं ह्या टेबलावर होतं. ते मी चाकावर धरायला दिलं होतं.

"मैथिली, मी ते उजळून आणलेत."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं.

"पप्पा, अंगठी पण?"

"अंगठी पण."

महामुनींकडे गेलो. चाकाखालची धूळ साठवलेली असते हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "विलासराव, धूळ परवाच वितळवली. आणि असती तरी धुळीत काय वाचणार तुम्ही?" मग हळूच म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, आरशासारखं करा." त्यांची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला आली. पदराच्या गाठीतून दोन जोडवी काढून तिनं टेबलावर ठेवली. चांदीची, पातळ झालेली.

"अक्काची आहेत. तिच्या लग्नातली. मैथिली लहान असताना माझं एक जोडवं ओढ्यात गेलं, तेव्हा तिनं पायातली काढून मला दिली. तेव्हापासून माझ्याच पायात आहेत. लावा तुमच्या पेटीला."

मी तिच्या पायाकडे बघितलं. बोटांवर पांढरे वळ होते. साबण लावून ओढली असणार.

"शैला, अगं नवरा असताना जोडवी—"

"आमच्या ह्यांना सांगू नका. म्हणतील, मी अजून गेलो नाही."

मला माहीत होतं की काही उपयोग नाही. रोजच्या पाटल्यांवर जर चारच वर्षं उरतात, तर पायातल्या चांदीवर पंचवीस-सव्वीस वर्षांमागचं काही उरणं शक्य नव्हतं. तरी तिनं ती काढून आणली होती. पेटीची मुदत मी फोन करून वाढवून घेतली होती. जोडवी ठेवली. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. दिवे एकेक लागत होते.

धारक एक, पेटीनं सांगितलं. चाल भरभर. डाव्या पायावर जास्त जोर. थांबे नाहीत.

"म्हणजे मीच," शैला म्हणाली.

"तूच."

"निदान माझं हृदय बरं आहे म्हणायचं." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. मग तिनं तिथेच खाली बसून जोडवी परत पायात घातली. आत जाईनात, म्हणून मी तेल आणून दिलं.

शुक्रवारी दुपारी मैथिलीच्या डॉक्टरीण बाईंशी बोलणं ठरलं. पडद्यावर त्या, शेजारी मैथिली आणि तिचा होणारा नवरा लुकास. इकडे मी आणि शैला. बाई त्यांच्या भाषेत बोलायच्या आणि आम्हाला मराठीत ऐकू यायचं. आवाजही बाईचाच. फक्त ओठ जुळत नव्हते.

"श्री. तारळेकर, दागिन्यांवर त्या वर्षांची नोंद नाही ते मला समजलं," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही अडतीस वर्षं सोबत होता. तुमच्या आठवणीनं सांगा. मैथिली जन्मली त्या सुमाराला तुमच्या पत्नीला जिना चढताना थांबावं लागायचं का? कधी चक्कर? अंदाजे सांगितलंत तरी चालेल."

शैलानं टेबलाखाली माझा हात दाबला. नाही म्हणा, असं तिला म्हणायचं होतं. 'नाही' म्हटलं की मैथिलीच्या छातीवर सुरी लागणार नव्हती. लग्न नीट झालं असतं. आणि मला तसं वाटतही होतं. जयश्री तिशीत धडधाकट होती असंच मला वाटत होतं. पण ते वाटणं कशावरून, म्हणून मी आठवायला लागलो.

मैथिली वर्षाची असतानाही आम्ही ह्याच घरात होतो. जिना तोच. जयश्री दुपट्यांची बादली घेऊन वर जायची. बादली निळी होती. तिचं हँडल तुटलं होतं आणि मी तार बांधून दिली होती. ती तार मला दिसली. जस्ताची, दोन पदरी, पीळ उजवीकडे. जयश्री दिसेना. ती बादली घेऊन जाते आहे हे मला माहीत आहे, पण कशी जाते आहे, सरळ जाते का थांबते, हे बघायला मी मान वर केलेलीच नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"अंदाज?"

"अंदाज नाही सांगता यायचा. मी बघितलं नाही."

मैथिली माझ्याकडे बघत होती.

"अडतीस वर्षं, पप्पा," ती म्हणाली. "एका घरात."

"हो."

"मी पाचवीत होते तेव्हा? दहावीत? कधीतरी?"

"माहीत नाही मैथिली. उगीच काहीतरी सांगितलं तर तू त्यावर ठरवशील."

तिनं फोन बंद केला. शैला मला म्हणाली, "एक 'नाही' म्हणायला काय जात होतं दाजी?" आणि चप्पल घालून निघून गेली. चार दिवस दोघींचाही फोन आला नाही. मी पेटी परत देऊन टाकली.

पाचव्या दिवशी मैथिलीचा फोन आला. आवाज नेहमीचा होता.

"यंत्र आत्ता नाही बसवायचं असं ठरवलंय. डॉक्टरीण बाईंचं म्हणणं, नजरेखाली राहायचं. छातीला पट्टी लावलीय, ती ठोके मोजते. पण पट्टीला सगळं नाही कळत. रोज एकदा जिना चढायचा आणि कोणीतरी बघून लिहायचं. किती पायऱ्या, कुठे थांबले, ओठ कसे दिसतात, बोलता येतं का. वर्षभर."

"लुकास बघेल ना?"

"लुकास मला हसवतो. मी थांबले तर तोही थांबतो आणि म्हणतो, खिडकीतून किती छान दिसतंय. प्रेमानं करतो, पण खोटं लिहील. तुम्ही खोटं सांगत नाही. तेव्हा तर अजिबात नाही सांगितलंत. तुम्ही बघा."

"बरं."

"दुसरं काही करत बघायचं नाही. काटा बिटा हातात नको."

"नाही घेत."

लग्न झालं. मी इथूनच चष्मा लावून बघितलं. शेजारी शैला बसली होती, आणि आमच्यातलं बोलणं परत सुरू झालं होतं. मैथिलीच्या अंगावर ठुशी, मोहनमाळ, तोडे, सगळं होतं. सगळं लखलखत होतं आणि सगळं दुकानातलं वाटत होतं. तिच्या एका मैत्रिणीनं तसली ठुशी कपाटात कुठे मिळते असं विचारलं. पाटल्या मात्र वेगळ्या होत्या. थांबे मी काढायला सांगितले नव्हते, आणि मैथिलीनंही काढले नव्हते. ती नोंदणी कार्यालयात सही करायला वाकली तेव्हा डाव्या हातातली पाटली हाताबरोबर गेली नाही. किंचित मागे राहिली आणि मग गेली. शैलानं चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता पुसत बसली.

आता रोज आमच्या दुपारी बाराला, तिकडे सकाळी, मैथिली कामावर जाण्याआधी फोन जिन्याच्या वरच्या टोकाला लावते आणि खाली जाऊन चढायला लागते. तीन मजले, एक्कावन्न पायऱ्या. सुरुवातीला तिला अवघडल्यासारखं व्हायचं. ती वर बघून जीभ काढायची. आता नाही काढत. मी समोर वही ठेवतो पण चढताना लिहीत नाही, ती वर पोचल्यावर लिहितो. ती कशी चढते ते मला आता पाठ आहे. वळणावर उजवा पाय आधी टाकते. चौतिसाव्या पायरीनंतर ओठ मिटते. केस मागे सारते ते डाव्या हातानं.

दोनशे अकरा दिवस थांबा नव्हता.

परवा ती एकोणचाळिसाव्या पायरीवर थांबली. हात कठड्यावर होता. मी मोजलं, अकरा सेकंद. मग ती वर आली, फोनसमोर उभी राहिली आणि हसली.

"बुटाची नाडी सुटली होती, पप्पा. तो थांबा धरू नका हं."

"बूट दाखव."

"काय?"

"फोन खाली कर. बूट दाखव."

तिनं केला नाही. मी वही जवळ ओढली. बऱ्याच वेळानं तिनं फोन खाली वळवला. तिच्या बुटांना नाडीच नव्हती.

"खाली बस," मी म्हणालो.

ती वरच्या पायरीवर बसली. मी वहीत लिहिलं, एकोणचाळीस, अकरा सेकंद. आणि मैथिलीचा फोन तसाच चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून डॉक्टरीण बाईंना फोन लावला.